वाचकांचे प्रश्न : अपडेट तर निघालं, पण गूगलवर सापडते कुठं?

या वेळी बरेच प्रश्न एकाच गोष्टीवर आलेत. सॉफ्टवेअरचं नवीन अपडेट निघालं की त्यावर वेबसाइटवर लेख टाकायचा म्हणजे गूगलवरून नवे गिऱ्हाईक येतील, असं मालकानं सांगून ठेवलेलं असते आणि ते काम गावात बसून लॅपटॉपवर काम करणाऱ्या पोरापोरींच्या गळ्यात पडते. सगळे प्रश्न छापायला जागा नाही, सारखे सारखे एकत्र केलेत. नावं सगळ्यांचीच गाळली, कारण पत्रात तुमच्या मालकांबद्दल जे काय लिहिलंय ते त्यांनी वाचलेलं बरं नाही.

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यातल्या गावातून अमरावतीच्या एका छोट्या कंपनीचं काम करून राह्यलो. आमचं कृषी केंद्रासाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर आहे. दर महिन्याला अपडेट येते, डेव्हलपर इंग्रजीत पाचसहा ओळींची यादी पाठवते, मी ती मराठीत करून वेबसाइटवर टाकतो, 'नवीन अपडेट ४.२ आले! जाणून घ्या काय आहे नवीन' असं हेडिंग देतो. सर म्हणतात एसईओ कर (म्हणजे गूगलवर वर दिसेल असं पान कर), म्हणून खाली कीवर्ड (लोक शोधतात ते शब्द) पण टाकतो. तरी कोणी फिरकत नाही. सर्च कन्सोलमध्ये (लोक काय शोधून आपल्या साइटवर येतात ते दाखवणारं गूगलचं टूल) पाहिलं तर फक्त आमच्या कंपनीचं नाव शोधून आलेलेच लोक दिसतात. सोबत एक यादी जोडली आहे. कुठं चुकून राह्यलं?

उत्तर : भाऊ, हेडिंगपासूनच. 'अपडेट ४.२' हे शोधणार कोण सांगा बरं? ज्यानं तुमचं सॉफ्टवेअर घेतलंय त्याच्या स्क्रीनवर ते आपोआप येते, त्याला शोधायची गरज नाही. ज्यानं घेतलंच नाही त्याला तुमच्या ४.२ शी काय घेणंदेणं. म्हणजे लेख ज्याच्यासाठी लिहिला तो माणूसच नाही, मग खाली कितीही कीवर्ड टाका.

डेव्हलपरची यादी म्हणजे त्यानं आतमध्ये काय काय केलं त्याचा हिशोब असते, आणि ती तशीच असायला पाहिजे, त्याच्यात त्याची चूक नाही. पण शोधणारा माणूस दुसऱ्याच ठिकाणी उभा आहे. जून महिना, पाणी पडलंय, काउंटरवर कास्तकारांची गर्दी, आणि बिल निघून नाही राह्यलं. तो फोन काढते आणि जे अडलं ते त्याच्या भाषेत टाइप करते. तुमचं काम इतकंच की यादीतल्या ओळीवरून मागं मागं जात त्या अडलेल्या माणसापर्यंत पोचायचं.

तुम्ही पाठवलेल्या यादीतलीच एक ओळ घेऊ. डेव्हलपरनं लिहिलं : 'ॲडेड रास्टर प्रिंटिंग सपोर्ट फॉर युनिकोड टेक्स्ट ऑन थर्मल प्रिंटर्स.' तुम्ही केलं : 'थर्मल प्रिंटरवर युनिकोड मजकुरासाठी रास्टर प्रिंटिंगची सुविधा जोडण्यात आली आहे.' मराठी अगदी शुद्ध आहे, पण कृषी केंद्रवाल्याला यातून ओ की ठो कळणार नाही. मी तुमच्या जागी असतो तर आधी डेव्हलपरला फोन लावून विचारलं असतं, बाबा हे केलं कायले? कोणाचं काय अडलं होतं?

अडलं होतं ते असं. दुकानदाराच्या दोन इंची प्रिंटरवर बिल काढलं की कास्तकाराच्या मराठी नावाच्या जागी प्रश्नचिन्ह नाहीतर चौकोन छापून येतात. कारण स्वस्त थर्मल प्रिंटरमध्ये त्याचे स्वतःचे ठरलेले फॉन्ट भरलेले असतात, त्यात इंग्रजी अक्षरं आणि आकडे असतात, देवनागरी बहुतेक वेळा नसतेच, आणि वेलांटी, मात्रा, जोडाक्षर जागच्या जागी बसवणं तर त्याच्या कुवतीबाहेरचं काम. तर तुमच्या डेव्हलपरनं केलं काय, बिलाचा मजकूर अक्षरं म्हणून पाठवायच्या ऐवजी चित्र म्हणून पाठवला. आता प्रिंटरला मराठी यायची गरजच नाही, तो ठिपके छापते अन् मोकळा होते. प्रिंट जराशी हळू निघते, हे पण लेखात लिहा, नाहीतर पहिला फोन त्याचाच येईल.

आता हेडिंग काय होईल? 'थर्मल प्रिंटरवर मराठी नावाच्या जागी प्रश्नचिन्ह येतात? कारण आणि उपाय'. व्हर्जन नंबर नाही, कंपनीचं नाव नाही, 'जाणून घ्या' तर अजिबात नाही. आणि पहिला पॅरा साधारण असा :

'बिल काढल्यावर मराठी नावाच्या जागी प्रश्नचिन्ह किंवा रिकामे डब्बे येत असतील तर प्रिंटर बिघडलेला नाही, दुरुस्तीला नेऊ नका. बहुतेक थर्मल प्रिंटरमध्ये मराठी अक्षरं नसतात म्हणून असं होते. यावर तीन उपाय आहेत, त्यातला पहिला आत्ता लगेच करता येतो.'

पहिला उपाय, तात्पुरतं नाव इंग्रजी अक्षरात टाका आणि गर्दी निपटवा. दुसरा, विंडोजमध्ये प्रिंटरला 'जेनेरिक टेक्स्ट ओन्ली' ड्रायव्हर (कॉम्प्युटरला प्रिंटरशी जोडणारा प्रोग्राम) लागला असेल तर तो काढून प्रिंटरच्या कंपनीचा ड्रायव्हर टाका, कारण तो जेनेरिकवाला फक्त साधी अक्षरं पाठवते, चित्र त्याला पाठवता येत नाही. तिसरा, असं सॉफ्टवेअर वापरा जे बिल चित्र म्हणून पाठवते, आणि इथं कुठं तुमचं नाव येईल, सोबत कोणत्या मेनूत जाऊन कोणती खूण करायची ते. तुमच्या सरांना हे पटणार नाही, ते म्हणतील आपलं नाव इतकं खाली? हो, इतकंच खाली. ज्याच्याकडे दुसऱ्या कंपनीचं सॉफ्टवेअर आहे त्याचंही काम या लेखानं झालं पाहिजे, तर तो लेख दुसऱ्या दुकानदाराला पाठवला जाईल. वर जाहिरात टाकली की माणूस दुसऱ्या सेकंदाला मागं जाते.

वरच्या पॅऱ्यात मी 'डब्बे' लिहिलं, ते मुद्दाम. आपल्याकडे दुकानदार फोनवर 'चौकोन' म्हणत नाही, 'डब्बे डब्बे येऊन राह्यले' म्हणते. हे शब्द कोणत्याच कीवर्डच्या टूलमध्ये सापडत नाहीत, ते सापडतात तुमच्या कंपनीत जो सपोर्टचा फोन उचलते त्याच्याकडे. त्याला एक वही द्या, म्हणा गिऱ्हाईकाचं पहिलं वाक्य जसंच्या तसं लिहून ठेव, सुधरवू नको. पैशे देऊन घेतलेली टूल्स अशा मराठी वाक्यापुढं शून्य दाखवतात आणि मग सर म्हणतात याला तर सर्चच नाही. त्यावर जाऊ नका. गूगलचंच सांगणं आहे की त्यांच्याकडे रोज येणाऱ्या सर्चपैकी साधारण १५ टक्के आधी कधी कोणी केलेलेच नसतात. वहीतलं वाक्य गूगलमध्ये अर्धवट टाइप करून पाहा, खाली काय काय सुचवते, 'लोक हे पण विचारतात' मध्ये काय येते, तेवढं पुरे.

आणि एररचा मेसेज असेल तर तो अक्षरन् अक्षर तसाच लेखात टाका, इंग्रजीत असेल तर इंग्रजीत. अडलेला माणूस तो मेसेज पाहून पाहून जसाच्या तसा टाइप करते. काही कंपन्यांना वाटते बगबद्दल (सॉफ्टवेअरमधल्या चुकीबद्दल) लिहिलं तर बदनामी होते. बदनामी त्या दुकानदारानं आधीच बाजारभर केलेली असते, निदान त्याचा उपाय तरी तुमच्या नावानं सापडू द्या.

बरं, यादीत सहा ओळी आहेत म्हणून सहा लेख लिहायला बसू नका. 'परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट्स अँड मायनर बग फिक्सेस' वर लिहिलेला लेख वाचणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. एकच विचारा, याच्यासाठी कोणी कधी फोन केला होता का? केला असेल तर लेख. नसेल तर ती ओळ अपडेटच्या यादीत राहू द्या. ती यादी एकाच पानावर ठेवायची, नवीन वर, जुनं खाली, आणि ज्या ओळीवर लेख झाला तिथून लेखाला लिंक द्यायची. जुन्या गिऱ्हाईकाला कळवायचं असेल तर त्याला व्हॉट्सॲपवर दोन ओळी टाका, त्याच्यासाठी गूगल कशाला पाहिजे.

अजून एक, टायमिंग. लेख अपडेट निघालं त्या दिवशीच टाकला पाहिजे असं काही नाही. समजा तुमच्या यादीत 'इनव्हॉइस सिरीज ऑटो रीसेट' आहे आणि ते अपडेट निघालं नोव्हेंबरात. नोव्हेंबरात ते कोणी शोधत नाही, सगळे शोधतात मार्चच्या शेवटी आणि १ एप्रिलला, 'नवीन वर्षाचं बिल १ नंबरपासून कसं सुरू करायचं' म्हणून, कारण जीएसटीच्या नियमाप्रमाणे बिलाचा नंबर त्या आर्थिक वर्षात एकदाच यायला पाहिजे, ओळीनं पाहिजे आणि १६ अक्षरांच्या वर नको. तर हा लेख फेब्रुवारीच्या शेवटी नाहीतर मार्चच्या सुरुवातीला टाका, गूगलला पान सापडून यादीत घ्यायला कधी दोनचार दिवस लागतात कधी दोनचार आठवडे. ३१ मार्चच्या रात्री टाकलेला लेख तुम्ही आणि तुमचे सर वाचतील.

याच्या उलट काही वेळा घाईच करावी लागते. २०२५ मध्ये ३ सप्टेंबरला जीएसटी कौन्सिलनं दर बदलले आणि २२ सप्टेंबरपासून लागू झाले, ठिबक-तुषारचा संच १२ वरून ५ टक्क्यावर आला, सूक्ष्म अन्नद्रव्यं आणि ठरावीक जैविक कीटकनाशकं पण १२ वरून ५ वरच आली. बिलिंगच्या सॉफ्टवेअरवाल्याच्या यादीत अशा वेळी ओळ काय येते? 'टॅक्स मास्टर अपडेटेड', म्हणजे करांच्या दरांचा तक्ता बदलला. झालं. आणि दुकानदार विचारते काय, की गोडाऊनमध्ये जुना माल पडलाय, १२ टक्के भरून घेतलेला, तो आता विकताना किती लावू? उत्तर एका ओळीचं आहे, विक्री २२ सप्टेंबरची किंवा त्यानंतरची असेल तर नवा दर, बाकी तुमच्या सीएला विचारा. पण ती ओळ 'टॅक्स मास्टर अपडेटेड' मध्ये कुठंच नाही. त्या दोनतीन आठवड्यात हा लेख ज्यानं टाकला त्याच्याकडे माणूस जाईल. असा लेख लिहिताना वर तारीख टाका आणि दर सरकारी नोटिफिकेशनमधून स्वतः वाचून टाका, फॉरवर्ड आलेल्या फोटोवरून नको.

प्रश्न : हिंगणघाटजवळ राहते. जिनिंगच्या काट्याचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीसाठी मी लेख लिहिते. आमचे गिऱ्हाईक मराठी-हिंदी मिसळून बोलतात, मालक इंग्रजीत लिहा म्हणतात. मी एकाच पानावर तिन्ही भाषेत टाकून पाहिलं, ते फारच विचित्र दिसते. शिवाय मराठी मजकूर डीटीपीवाले दादा टाइप करून देतात, तो वेबसाइटवर पेस्ट केला की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. आणि पानाची लिंक मराठीत ठेवू की इंग्रजीत?

उत्तर : ताई, पहिले डीटीपीवाल्या दादाचं निपटवू, कारण ते सगळ्यात मोठं आहे. ते श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी असल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करत असणार. त्या पद्धतीत कॉम्प्युटरच्या लेखी ती इंग्रजी अक्षरंच असतात, फक्त फॉन्टमुळे आपल्याला मराठी दिसतात. लग्नपत्रिका छापायला चालते. गूगलला मात्र तिथं मराठीचा एक शब्द दिसत नाही. काही जण यावर तोडगा म्हणून मजकुराचा फोटोच टाकतात, ते पण नको. मजकूर युनिकोडमध्ये पाहिजे, म्हणजे ज्यात कॉम्प्युटरच्या लेखी पण ती मराठी अक्षरंच असतात. कन्व्हर्टर भरपूर आहेत, ते वापरा, पण नंतर पूर्ण वाचून काढा, कारण 'पऱ्हाटी', 'गिऱ्हाईक', 'श्रेणी' असले शब्द कन्व्हर्टरमध्ये हमखास मोडतात. नेमकी पऱ्हाटीच मोडली तर जिनिंगच्या लेखात राहिलं काय. त्यापेक्षा दादांना फोनवरच गूगलच्या कीबोर्डनं बोलून टाइप करायला शिकवा, एका दुपारचं काम आहे.

भाषेचं असं करा, एका पानावर एकच भाषा. पान कोणत्या भाषेतलं हे गूगल पानावरच्या मजकुरावरून ठरवते, कोडमध्ये भाषेचा टॅग काय टाकला ते पाहत नाही, त्यामुळे तीन भाषांची खिचडी केली तर त्याला पण कळत नाही आणि वाचणाऱ्याला पण. मराठीचं वेगळं पान, हिंदीचं वेगळं, आणि दोन्ही एकाच लेखाची रूपं आहेत हे सांगायला एचरेफलँगचा टॅग, तो तुमचा वेबसाइटवाला टाकून देईल, त्याला नाव सांगितलं की कळते. सगळेच लेख तिन्ही भाषेत करायची गरज नाही. काट्यावर मुनीम बसते, तो काय शोधते ते पाहा. 'काट्याचं वजन कॉम्प्युटरमध्ये येत नाही' हे मराठीत आणि हिंदीत दोन्हीकडं शोधलं जाईल, आणि त्याचं उत्तर पण बहुतेक वेळा केबल नाहीतर पोर्टच्या सेटिंगमध्येच सापडते, ते फोटोसकट नीट लिहा. कापसाच्या ओलाव्यानुसार कपात, हप्त्याहप्त्यानं चुकारा, हे मराठीत पुरे, कारण पावती पाहून भांडणारा कास्तकार मराठीतच भांडते. इंग्रजी पान ज्याला सॉफ्टवेअर विकत घ्यायचं त्या मालकासाठी एखादं ठेवा.

बरेच लोक इंग्रजी अक्षरात मराठी टाइप करतात, तेव्हा लेख पण तसाच लिहावा का, हे दोघातिघांनी विचारलंय. नको. २०२० च्या डिसेंबरात गूगलनं जाहीर केलं होतं की इंग्रजी अक्षरात टाइप केलं तरी भारतीय भाषांमधली पानं दाखवू, त्या यादीत मराठी आहे. देवनागरीत नीट लिहा, जुळवायचं काम त्याच्यावर सोडा.

लिंक मराठीत ठेवली तरी गूगलला काही अडचण नाही. अडचण व्हॉट्सॲपवर होते, तिथं पेस्ट केली की टक्क्याच्या चिन्हांची तीन ओळींची माळ होते आणि माणसाला वाटते हे काहीतरी फ्रॉड आहे, दाबतच नाही. म्हणून मी तर इंग्रजी अक्षरात तीनचार शब्दांची लिंक ठेवतो. मात्र एकदा ठेवली की बदलू नका.

प्रश्न : वरूडकडचा आहे. आमच्या साहेबांनी सांगितलं की एआयला तीन वर्षांच्या अपडेटच्या याद्या द्या आणि आठ दिवसात शंभर लेख काढा. काढू का? गूगल दंड करते म्हणतात.

उत्तर : एआयनं लिहिलं म्हणून दंड होत नाही, हे गूगलनं २०२३ च्या फेब्रुवारीतच स्पष्ट केलंय. दंड कशाचा होते, तर मार्च २०२४ मध्ये त्यांनी नियम आणला की नुसतं सर्चमध्ये वर येण्यासाठी ढीगभर पानं काढली आणि त्यात वाचणाऱ्याच्या कामाचं काही नसलं तर ते स्पॅम, मग ती माणसानं लिहिलेली असो की मशीननं. आठ दिवसात शंभर लेख हे त्या नियमाचं पाठ्यपुस्तकातलं उदाहरण होईल बाप्पा.

पण नियम राहू द्या बाजूला, खरी गोष्ट वेगळीच आहे. यादीत जे नाही ते एआयला माहीत नाही, आणि आपण वर पाहिलं की यादीत कामाचं फारसं काही नसतेच. मग ते काय करते, मनानं भरते. 'सेटिंग्जमध्ये जाऊन प्रिंटर टॅब उघडा आणि भाषा निवडा' असं झ्याक लिहून देते, आणि तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रिंटर टॅब नावाची गोष्टच नसते. दुकानदार अर्धा तास शोधते, मग फोन करते, आणि तो काय बोलते ते साहेब ऐकत नाहीत, सपोर्टचा पोरगा ऐकते. कास्तकाराच्या हातातलं बिल कसं असते, संत्र्याच्या मंडीत हिशोब नगावर होते की क्रेटवर की टनावर, व्यापारी विसार देऊन बाग घेते तेव्हा नोंद कुठं करायची, हे तुम्ही वरूडचे आहात म्हणून तुम्हाला माहीत आहे, त्याच्यावर लिहा ना.

एआय वापरायचंच तर असं वापरा, सपोर्टच्या कॉलचं रेकॉर्डिंग लिहून घ्यायला, लांबलेला लेख आटोपशीर करायला, दहा हेडिंग सुचवून घ्यायला (त्यातले नऊ फेकायला). आणि जे काय छापाल ते छापण्याआधी सॉफ्टवेअर उघडून एकेक पायरी स्वतः दाबून पाहा. साहेबांना म्हणा शंभरचे दहा करू, पण दहाही चालणारे करू.

प्रश्न : मेहकर (बुलडाणा). वेबसाइटवर जुन्या व्हर्जनचे खूप लेख पडले आहेत, आता ते मेनूच बदलून गेले. काढून टाकू का? एक जण म्हणाला नुसती तारीख आजची कर, गूगल ताजं समजते.

उत्तर : त्या एका जणाचं ऐकू नका. तारीख बदलून मजकूर तोच ठेवला तर गूगलला फसवल्याचा फायदा काही होत नाही, आणि वाचणारा वरची आजची तारीख पाहून खालचे पाच वर्षांपूर्वीचे मेनू शोधत बसते. साइटमॅपमध्ये (साइटवरच्या पानांची गूगलसाठी ठेवलेली यादी) शेवटच्या बदलाची तारीख असते, ती खरी असेल तरच गूगल तिच्यावर भरोसा ठेवते. सारखी खोटी दिली तर तिच्याकडे लक्ष देणंच सोडते.

सर्च कन्सोलमध्ये १६ महिन्यांचा डेटा दिसते. तो पूर्ण काळ लावा आणि पाहा कोणत्या जुन्या लेखावर अजून लोक येतात. ज्यावर येतात त्याला हात लावायचा तो दुरुस्तीसाठी, काढण्यासाठी नाही. लिंक तीच, पान तेच, आतल्या पायऱ्या नव्या, फोटो नवे, आणि मग तारीख खरोखर बदला. माझं तर मत असं आहे की नवीन अपडेट आलं की नवीन लेख लिहिण्याआधी आधी जुना लेख आहे का ते पाहावं, दहातल्या सहा वेळा आहे त्याच लेखात दोन पॅरे बदलून काम होते, पण त्याची शाबासकी मिळत नाही म्हणून कोणी करत नाही. एकाच प्रश्नावर तीन लेख झाले असतील तर तिन्हीतलं चांगलं एकात आणा आणि बाकी दोन पानांवरून ३०१ रीडायरेक्ट लावा, म्हणजे जुनी लिंक दाबणारा आपोआप त्या एका पानावर जाते. आणि ज्या लेखावर कोणी येत नाही, ज्याची सोय सॉफ्टवेअरमधून पण निघून गेली, तो खुशाल काढा. फक्त अजून जुनंच व्हर्जन चालवणारे दुकानदार आहेत का ते सपोर्टला विचारून घ्या, आपल्याकडे विंडोज ७ वर दुकान चालवणारे कमी नाहीत. असतील तर लेखाच्या वर एक ओळ, 'हे जुन्या व्हर्जनसाठी आहे, नव्यासाठी इथं पाहा', एवढ्यावर भागते.

प्रश्न : चिमूरवरून विचारतोय. मेटा कीवर्ड किती टाकायचे? एफएक्यूचा स्कीमा लावू का? किती दिवसात पहिल्या पानावर येईल?

उत्तर : मेटा कीवर्ड (पानाच्या कोडमध्ये लपवून टाकायचे शब्द) शून्य. गूगल ते पाहत नाही हे त्यांनी २००९ मध्येच सांगितलं होतं, तरी आपल्याकडे अजून त्याचे पैशे घेणारे आहेत. एफएक्यूचा स्कीमा (पानावर प्रश्नोत्तरं आहेत हे गूगलला सांगणारा कोड) लावला तर बिघडत काही नाही, पण सर्चमध्ये दिसणारे ते प्रश्नोत्तराचे पट्टे फक्त नावाजलेल्या सरकारी आणि आरोग्याच्या साइटसाठीच दाखवू असं गूगलनं २०२३ च्या ऑगस्टमध्येच सांगितलं होतं, तेव्हा तो वेळ मजकुरावर घाला. आणि पहिल्या पानाचे दिवस जो सांगेल त्याला काम देऊ नका.

प्रश्न : आर्वी तालुका. लेखात स्क्रीनशॉट किती टाकावे? आमच्याकडे नेटवर्क दोन काड्या, पान उघडतच नाही. गिऱ्हाईकाच्याच दुकानातले फोटो वापरले तर चालतात का?

उत्तर : जिथं बटण शोधावं लागते तिथं टाका, जिथं नुसतं 'सेव्ह करा' आहे तिथं नको. पूर्ण स्क्रीनचा फोटो टाकूच नका, लागते तेवढा कोपरा कापून घ्या. मोबाइलवर पूर्ण स्क्रीन टाकली की त्यातली अक्षरं मुंगीएवढी दिसतात आणि फाइल मात्र मोठी. वेबपी फॉरमॅटमध्ये काढा, फाइल बरीच हलकी होते. पानातला मुख्य भाग अडीच सेकंदात दिसला पाहिजे अशी गूगलची अपेक्षा असते, पण तुम्ही ते वायफायवर मोजू नका, गावाच्या पारावर जाऊन जिओ नाहीतर एअरटेलच्या त्या दोन काड्यांवर उघडून पाहा. फोटोत जी पायरी दाखवली ती खाली अक्षरात पण लिहा, कारण फोटो उघडला नाही तरी माणसाचं काम झालं पाहिजे, आणि गूगलला पण अक्षरंच नीट वाचता येतात. ऑल्ट टेक्स्टमध्ये (फोटोत काय आहे ते सांगणारी कोडमधली ओळ) 'इमेज १' नको, 'बिलात बॅच नंबर टाकायची जागा' असं लिहा.

गिऱ्हाईकाच्या दुकानातला फोटो मात्र जपून. कृषी केंद्राच्या स्क्रीनवर काय काय असते पाहा, कास्तकाराचं नाव, गाव, मोबाइल नंबर, कोणाकडे किती उधारी, खताच्या विक्रीत तर आधारचा नंबर पण येऊ शकते. हे एकदा गूगलच्या इमेज सर्चमध्ये गेलं की परत ओढून आणता येत नाही, आणि कोणाची किती उधारी हे गावात कळलं तर दुकानदार तुमचं सॉफ्टवेअर काय, तुम्हालाच दुकानात पाय ठेवू देणार नाही. २०२३ मध्ये डेटा संरक्षणाचा कायदा पण झालाय. त्यापेक्षा डेव्हलपरकडून एक डेमोची कॉपी मागून घ्या, त्यात खोटी नावं, खोटा माल, खोटी उधारी भरून ठेवा आणि सगळे फोटो त्यातूनच काढा. खोटी नावं भरताना ती पण मराठीत भरा, 'टेस्ट १, टेस्ट २' नको, आणि एखादं जोडाक्षराचं लांबलचक नाव जरूर टाका, बिलावर ते कुठं तुटते ते तुम्हाला दुकानदाराच्या आधी दिसेल.